न्यूयॉर्कला निघालेली विद्यार्थिनी आणि भिजलेली लसीकरणाची फाइल: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण २०२५ च्या उन्हाळ्यातलं आहे. विद्यार्थिनी आणि तिचे आईवडील यांची परवानगी घेऊन ते लिहिते आहे. नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी पुण्यात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. दरवर्षी मे ते जुलै या काळात परदेशी निघालेली मुलं हातात विद्यापीठाचा फॉर्म घेऊन येतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना हाच गुंता सोडवावा लागतो, म्हणून एकच प्रकरण नीट उलगडून सांगते.

पार्श्वभूमी

मुलीला सायली म्हणू. जन्म फेब्रुवारी २००४, सातारा जिल्ह्यात आजोळी. पहिल्या वर्षातल्या लसी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाल्या. वर्षाची झाल्यावर आई तिला घेऊन पुण्यात आली आणि पुढच्या लसी धनकवडीतल्या एका बालरोगतज्ज्ञांकडे झाल्या. ते डॉक्टर आता निवृत्त झाले आहेत आणि दवाखाना बंद आहे. पुढे हे कुटुंब सिंहगड रस्त्याला, एकतानगरीत तळमजल्यावर राहायला गेलं. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा त्यांचं कपाट भिजलं, आणि त्यातच बालरोगतज्ज्ञांची फाइल होती.

इंजिनिअरिंग संपवून सायलीला न्यूयॉर्क राज्यातल्या एका विद्यापीठात एमएससाठी प्रवेश मिळाला. विमान १४ ऑगस्टचं होतं. जूनच्या अखेरीस ती आईवडिलांबरोबर माझ्याकडे आली. फॉर्म एप्रिलमध्येच ईमेलवर आला होता, पण व्हिसाच्या धावपळीत कोणी उघडून पाहिला नव्हता.

अडचण

वडिलांनी आधी मोबाइल पुढे केला. कन्सल्टन्सीच्या ग्रुपवर फिरणारी एक यादी त्यात होती: एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस), कांजिण्या, हिपॅटायटिस ए आणि बी, टीडॅप, मेनिन्जायटिस, एचपीव्ही, टायफॉइड, फ्लू. खाली एका लसीकरण पॅकेजचा दर. "मॅडम, एवढं सगळं द्यायचं का?" असा त्यांचा प्रश्न होता.

मी विद्यापीठाचा मूळ फॉर्म मागितला. त्यात मागण्या तीनच होत्या.

पहिली गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची. न्यूयॉर्क राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या २१६५ व्या कलमानुसार १ जानेवारी १९५७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या आणि सत्राला सहा किंवा अधिक क्रेडिट घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला गोवराचे दोन, गालगुंडाचा एक आणि रुबेलाचा एक डोस दाखवावा लागतो. दुसरी मागणी मेनिन्जायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराच्या लसीची. त्या राज्यात ही लस विद्यार्थ्यांना सक्तीची नाही. पण माहिती वाचून, लस घेतली किंवा घेणार नाही, हे सहीनिशी कळवणं सक्तीचं आहे. तिसरी मागणी विद्यापीठाची स्वतःची: टीबीचं प्रमाण जास्त असलेल्या देशांतून येणाऱ्यांनी रक्ताची टीबी तपासणी करायची.

बाकीच्या लसींपैकी काही चांगल्या आहेत, काही घ्याव्यातही. पण त्यांच्यावाचून नोंदणी अडणार नव्हती. राज्य बदललं की नियमही बदलतात. सायलीची मैत्रीण टेक्सासला चालली होती. तिथे २२ वर्षांखालच्या विद्यार्थ्याला मेनिन्जायटिसची लस सत्र सुरू होण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावीच लागते. मैत्रिणीची यादी उचलून आपलं काम भागत नाही, हे मुलांना मी अगदी कळकळीने सांगते.

आता नोंदी. आरोग्य केंद्राच्या कार्डावर बीसीजी (टीबीची लस), पोलिओ, त्रिगुणी आणि नोव्हेंबर २००४ मधला गोवराचा डोस, सगळं स्वच्छ होतं. बालरोगतज्ज्ञांच्या फाइलीत एमएमआरच्या कुपीचं स्टिकर चिकटून राहिलं होतं, पण शेजारची शाईतली तारीख धुऊन गेली होती. तिसरा कागद कोणाच्या लक्षातच नव्हता. दहावीच्या गुणपत्रिका ठेवलेलं फोल्डर पुरातून वाचलं होतं आणि त्यात गोवर-रुबेला मोहिमेचं कार्ड निघालं. महाराष्ट्रात ही मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळाशाळांत जाऊन लस दिली गेली. सायली तेव्हा चौदा वर्षांची होती. कार्डावर तारीख होती डिसेंबर २०१८.

तिन्ही कागद टेबलावर मांडून मी हिशेब केला. नवव्या महिन्यातला डोस अमेरिकेत धरत नाहीत. तिथल्या नियमाप्रमाणे गोवराचा पहिला डोस पहिल्या वाढदिवसाच्या फार तर चार दिवस आधीचा चालतो, त्याहून लवकरचा नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तान्ह्या बाळाच्या शरीरात असतात आणि ती लसीचा परिणाम कमी करतात, हे त्याचं कारण. आपल्याकडे नवव्या महिन्यात देतात तेही बरोबरच आहे. इथे गोवर बाळांना लवकर गाठतो, म्हणून वाट पाहणं परवडत नाही, आणि पुढे दुसरा डोस देऊन ती कसर भरून काढतात. पण राष्ट्रीय कार्यक्रमात गोवराचा दुसरा डोस २०१० पासून आला आणि सायलीचं वय तेव्हा उलटून गेलं होतं. तारीख नसलेला एमएमआर कागदोपत्री शून्य. उरला २०१८ चा डोस: गोवराचा एक, रुबेलाचा एक. गालगुंडाचा एकही नाही, कारण मोहिमेच्या लसीत गालगुंड नव्हता.

आईचा चेहरा उतरला. "सगळं वेळच्या वेळी दिलं होतं हो मॅडम, एकही चुकवलं नाही." ते खरंच होतं आणि मी तसं त्यांना म्हटलंही. मुलीच्या शरीरात संरक्षण बहुधा होतंच. विद्यापीठाला मात्र तारखेचा पुरावा हवा होता.

समोरचे पर्याय

रक्तातली प्रतिपिंडं तपासणं हा पहिला पर्याय. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींचे आयजीजी (टिकून राहणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आले तर फॉर्म तेवढ्यावर भरता येत होता, सुई टोचायची गरज नव्हती. वडिलांचा कल इकडे होता. मला धोका गालगुंडात दिसत होता. वीस वर्षांपूर्वीच्या एकाच डोसानंतर त्याची पातळी पुष्कळदा सीमारेषेवर किंवा निगेटिव्ह येते. तसं झालं असतं तर तपासणीचे पैसे गेले असते, अहवालाची वाट पाहण्यात दिवस गेले असते आणि शेवटी लस द्यावीच लागली असती. ज्याला आधीच संरक्षण आहे त्याला एमएमआर पुन्हा दिल्याने अपाय होत नाही. त्यामुळे तारखेचा पुरावा नसलेल्या तरुण, निरोगी विद्यार्थ्याला मी सहसा थेट लसच सुचवते.

दुसरा पर्याय कायद्याच्या आकड्यांत नेमका बसणारा होता. २०१८ चं कार्ड आणि आता एक एमएमआर मिळून गोवर दोन, रुबेला दोन, गालगुंड एक. एका सुईत काम झालं असतं. अडचण कार्डाची होती. ते मराठीत होतं, नाव अर्धवट लिहिलेलं होतं आणि सहीच्या जागी नुसता शिक्का होता. भाषांतर करून पाठवता आलं असतं, पण मान्य होईल की नाही हे तिथल्या आरोग्य कार्यालयाच्या हातात होतं.

तिसरा पर्याय म्हणजे मागचं सगळं बाजूला ठेवून किमान २८ दिवसांच्या अंतराने एमएमआरचे दोन नवे डोस. हातात सहा आठवडे होते. त्यामुळे जमत होतं, पण पहिला डोस लगेच द्यावा लागणार होता.

चौथा पर्याय वडिलांनी जरा संकोचत सांगितला. त्यांच्या ओळखीतल्या कोणाला एका डॉक्टरांनी जुन्या तारखा घालून सर्टिफिकेट दिलं होतं. मी तिथेच थांबवलं. त्याच वर्षी टेक्सासमध्ये गोवर पसरून दोन मुलं गेली होती. जुलैपर्यंत अमेरिकेतल्या रुग्णांचा आकडा १९९२ नंतरच्या कुठल्याही वर्षाहून वर गेला. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली तेव्हा काय झालं तेही आपण पाहिलं आहे. वसतिगृहात किंवा वर्गात एखादा रुग्ण निघाला की ज्याचा पुरावा नाही त्याला २१ दिवस वर्गाबाहेर ठेवतात. खोट्या तारखेवाला मात्र निर्धास्त वर्गात बसून राहतो, स्वतः आजारी पडू शकतो आणि आजार पसरवूही शकतो. शिवाय खोटा वैद्यकीय कागद उघडा पडला तर प्रवेशावर पाणी. वडील गप्प झाले. सायली मात्र पटकन म्हणाली, "बाबा, मला खरंच लस घ्यायचीय."

काय ठरलं, काय केलं

दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायाची सांगड घातली. पहिला एमएमआर लगेच द्यायचा, मोहिमेच्या कार्डाचं भाषांतर त्याच दिवशी पाठवायचं, आणि उत्तर काहीही आलं तरी २८ दिवसांनी दुसरा डोस घ्यायचा. कायद्याला गालगुंडाचा एक डोस पुरतो हे खरं. पण अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एमएमआरचे दोन डोस सुचवतं, कारण एकत्र राहणाऱ्या मुलांमध्ये गालगुंड झपाट्याने पसरतो. त्यामुळे दुसरा डोस नुसता कागद भरण्यासाठी नव्हता.

लस देण्याआधी आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. एमएमआर जिवंत लस आहे. गरोदरपणात ती देत नाहीत आणि घेतल्यावर चार आठवडे गर्भधारणा टाळायची असते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असली तरीही ती देत नाहीत. एकवीस वर्षांच्या मुलीला हे प्रश्न आईसमोर विचारले तर उत्तर काय येणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. सायलीने मोकळेपणाने उत्तरं दिली. लस द्यायला हरकत नव्हती.

त्याच दिवशी, लस टोचण्याआधी, टीबीच्या तपासणीचं रक्त काढलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. गोवराच्या लसीने टीबीच्या तपासणीतला प्रतिसाद तात्पुरता दबू शकतो. म्हणून रक्त लसीच्या दिवशी किंवा त्याआधी काढायचं, नाहीतर किमान चार आठवडे थांबायचं. सायलीने आधी लस घेऊन आठवड्याने लॅब गाठली असती तर सगळं वेळापत्रक कोलमडलं असतं. लॅबमध्ये त्यांना स्वस्त म्हणून मांटू, म्हणजे टीबीची त्वचेवरची तपासणी, सुचवण्यात आली होती. मी इग्राचाच, म्हणजे रक्ताच्या तपासणीचाच आग्रह धरला. जन्मतः बीसीजी घेतलेल्या माणसाची मांटू त्या लसीमुळेही फुगू शकते. इग्रावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

पहिला डोस ३ जुलैला झाला. लस पुण्यातल्याच सीरम इन्स्टिट्यूटची. "इथली लस तिथे चालेल का?" हे आईने दोनदा विचारलं. चालते. देश कुठला हे पाहत नाहीत, तारीख, वय आणि दोन डोसांमधलं अंतर पाहतात.

मेनिन्जायटिसचं घोडं मात्र दोन दिवस अडलं. नकाराची सही करून सुटता येत होतं आणि लस महाग आहे. सायली विद्यापीठाच्या वसतिगृहात नव्हे, बाहेर फ्लॅटमध्ये राहणार होती. तिथली शिफारस २१ वर्षांपर्यंतच्या, वसतिगृहात पहिल्या वर्षाला राहणाऱ्यांसाठी आहे. काटेकोरपणे पाहिलं तर ती त्यात बसत नव्हती. पण फ्लॅटमध्ये दोन खोल्यांत पाच मुली राहणार होत्या, हे तिने बोलता बोलता सांगितलं. हा आजार दुर्मीळ आहे, पण आला तर चोवीस तासांत होत्याचं नव्हतं करतो. घ्यावी, असं मी स्पष्ट म्हटलं आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. त्यांनी घेतली. ही लस जिवंत नसल्याने एमएमआरच्या अंतराचा प्रश्न आला नाही.

टीबीचा अहवाल

चारपाच दिवसांनी इग्रा पॉझिटिव्ह आली. घरात सन्नाटा. आईचं पहिलं वाक्य होतं, "आता जाणं रद्द?" दुसरं, "हे कोणाला सांगायचं नाही."

दोन्हींना उत्तर द्यावं लागलं. इग्रा पॉझिटिव्ह म्हणजे टीबीचे जंतू कधीतरी शरीरात शिरले आणि शरीराने त्यांना दाबून ठेवलं आहे. ते आजारपण नव्हे आणि दुसऱ्याला लागणही होत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या लोकांमध्ये असा संसर्ग साधारण ३१ टक्क्यांत आढळला, म्हणजे दर तिघांत जवळजवळ एकाला. मग हळूहळू निघालं की आजोबांनी काही वर्षांपूर्वी टीबीची औषधं घेतली होती आणि सायली तेव्हा त्यांच्याच खोलीत अभ्यास करायची. पहिल्या भेटीत घरात टीबी झाला होता का, असं विचारल्यावर तिघांनीही नकारार्थी मान हलवली होती. मी त्यांना दोष देत नाही. या आजाराची लाज अजून आपल्या घरांतून गेलेली नाही, आणि त्या लाजेपायी माहिती दडते, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढची पायरी छातीचा एक्स-रे. फेब्रुवारीत खोकल्यासाठी काढलेला एक्स-रे होता, तोच जोडावा असं वडिलांना वाटलं. फॉर्मची अट पॉझिटिव्ह तपासणीनंतरच्या एक्स-रेची होती, म्हणून नवा काढला. तो स्वच्छ आला. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम, काहीच नव्हतं. म्हणजे सुप्त संसर्ग, आजार नाही. सक्रिय टीबी असता तर उपचार सुरू होईपर्यंत दुसरा एमएमआर पुढे ढकलावा लागला असता. तीही भीती गेली.

खरा निर्णय पुढे होता: सुप्त संसर्गाची औषधं इथे सुरू करायची की तिथे? घरच्यांना लगेच सुरू करून मोकळं व्हायचं होतं. पण सहसा दिल्या जाणाऱ्यांपैकी छोटा कोर्सही तीन महिन्यांचा. म्हणजे पाच आठवडे इथे आणि उरलेला प्रवासानंतर, नव्या देशात, नव्या डॉक्टरांकडे. या औषधांत यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. मध्येच गोळ्या संपल्या किंवा मळमळ सुरू झाली तर मुलगी कोणाकडे जाणार होती? आजार नसल्याने दोन महिन्यांच्या उशिराने बिघडणार नव्हतं. छातीरोगतज्ज्ञांशी बोलून आम्ही तिथे सुरू करायचं ठरवलं. इग्राचा अहवाल, एक्स-रेची फिल्म, सीडी आणि माझं पत्र तिने हातातल्या बॅगेत नेलं.

निकाल

मोहिमेच्या कार्डाचं उत्तर जुलै संपला तरी आलं नाही. १ ऑगस्टला दुसरा डोस झाला, पहिल्यानंतर २९ दिवसांनी. सायलीने रात्री पोर्टलवर तारखा भरल्या, कागद चढवले आणि निश्चिंत झाली. दोन दिवसांनी नकार आला: डोसांमधलं अंतर अवैध.

तिने ०३/०७/२०२५ आणि ०१/०८/२०२५ असं भरलं होतं. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. पोर्टलच्या लेखी पहिला डोस ७ मार्चचा आणि दुसरा ८ जानेवारीचा, म्हणजे दुसरा पहिल्याच्या आधी. दिवसाचा आकडा बारापेक्षा मोठा असता तर पोर्टलने तिथल्या तिथे अडवलं असतं. इथे दोन्ही आकडे बाराच्या आत होते, म्हणून बिनबोभाट पुढे गेले. माझ्या सर्टिफिकेटवर महिने अक्षरांत होते. त्यामुळे तिने ईमेलवर खुलासा करताच दुरुस्ती झाली. नोंदणीवरची अडकाठी विमानाच्या आदल्या आठवड्यात निघाली.

तिथे गेल्यावर विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात तिने रिफाम्पिसिनचा चार महिन्यांचा कोर्स घेतला. लघवी नारिंगी होईल हे आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे घाबरली नाही. कोर्स पूर्ण झाला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा फरक एप्रिलने पडला असता. फॉर्म आला त्याच आठवड्यात उघडला असता तर कार्डाचं उत्तर वेळेत मिळालं असतं. औषधाचा तीन महिन्यांचा कोर्सही कदाचित इथेच, आईच्या नजरेखाली संपला असता. व्हिसाला लसीकरणाचा पुरावा लागत नाही, म्हणून मुलं ते काम मागे टाकतात. पण व्हिसाच्या तारखेची वाट पाहण्याच्या दिवसांतच हे उरकता येतं.

कार्ड पाठवताना ते नुसतं पोर्टलवर न टाकता आरोग्य कार्यालयाला वेगळी ईमेल लिहून 'हे धराल का' असं विचारायला हवं होतं. घरातल्या टीबीचा प्रश्नही मी आता विद्यार्थ्याला एकट्याला विचारते आणि 'टीबी' म्हणत नाही. 'घरात कोणी सहा महिने औषध घेतलं होतं का' असं विचारते. उत्तर वेगळं येतं.

प्रतिपिंडांच्या तपासणीबद्दल माझं मत बदललेलं नाही. मात्र गरोदर असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या, म्हणजे जिवंत लस घेऊच न शकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तीच पहिली वाट आहे.

सायलीचा धाकटा भाऊ अकरावीत आहे. ऑक्टोबरमध्ये आई त्याचे सगळे कागद घेऊन आली. त्याच्या एमएमआरची एकच तारीख सापडली, म्हणून दुसरा डोस दिला. सोळाव्या वर्षाचा टीडीचा (धनुर्वात आणि घटसर्प यांच्या लसीचा) डोस राहिला होता. तो महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळाला. प्रत्येक डोसाची तारीख महिना अक्षरांत लिहून, सही-शिक्क्यासह एका कागदावर उतरवली आणि त्याचा फोटो चौघांच्याही फोनमध्ये ठेवला.